फोडणीआधीचा घास

मलकापूर-नांदुऱ्याच्या काळ्या रानापासून घाटावरच्या मेहकर-लोणारपर्यंत, बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुतेक वावरांत एखादं तरी कुत्रं असतंच. सोयाबीन हिरवं झालं की रोही येतात, मका भरायला लागला की रानडुकरं येतात, आणि जागलीला गेलेल्या माणसाच्या आधी त्यांची चाहूल कुत्र्याला लागते. या राखणदाराला मिळतं काय? भाकरीचे तुकडे, तळाशी उरलेलं वरण, कधी ताकाची धार, आणि घरात मटण शिजलं त्या दिवशी हाडूक. दुसरीकडे खामगाव, चिखली, बुलढाणा शहरांतल्या घरांत आता लॅब्राडोर, पॉमेरेनियन आणि जर्मन शेफर्ड दिसतात. त्यांच्यासाठी दुकानातून रंगीत पाकिटं येतात आणि चहाच्या वेळी त्यांच्या पुढ्यात बिस्किटंही पडतात.

दोन्ही घरांत कुत्र्यावरची माया सारखीच आहे. त्याला खाऊ म्हणून काय द्यावं, ही अडचणही सारखीच. या प्रश्नाचं उत्तर आपल्याच चुलीपाशी आहे. बुलढाण्याच्या स्वयंपाकघरात जे जे रोज शिजतं, त्यातलं बरंचसं कुत्र्याला उत्तम चालतं. फक्त ते फोडणी पडायच्या आणि मीठ घालायच्या आधी बाजूला काढावं लागतं. वरण घोटलं, फोडणीची पळी अजून वर आहे, तेवढ्यात कुत्र्याच्या वाटीत दोन चमचे वरण गेलं तर तो चांगला खाऊ. लसणाचा चरचर आवाज झाल्यावर तेच वरण त्याच्या कामाचं राहत नाही.

आधी भाकरीचं बघू, कारण कुत्रा मांसाहारी प्राणी, त्याला भाकर कशाला, असं हल्ली पुष्कळ ऐकू येतं. स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठातल्या एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी लांडगे आणि कुत्रे यांची जनुकं ताडून पाहिली आणि २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. स्टार्च पचवणारं अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या एएमवाय२बी या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाने शेती सुरू केली, धान्य शिजवायला घेतलं, आणि त्याच्या वस्तीच्या कडेला राहून उष्टं-खरकटं खाणाऱ्या प्राण्याचं शरीर त्या धान्याशी जुळत गेलं. कुत्र्याच्या लाळेत आपल्यासारखं अमायलेज नसतं, ते स्वादुपिंडातून येतं. त्यामुळे भाकर त्याच्या तोंडात नाही, आतड्यात पचते. पण पचते, हे नक्की. अट एवढीच की धान्य शिजलेलं हवं. कच्च्या पिठातला स्टार्च त्याला नीट फोडता येत नाही.

मात्र पचतं म्हणून ते पुरतं असं नाही. ज्वारीत प्रथिनं साधारण दहा टक्के, आणि त्यातही लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फार कमी. नुसत्या भाकरीवर जगणाऱ्या वावरातल्या कुत्र्याच्या फासळ्या दिसतात, केस राठ होतात, त्यामागे बऱ्याचदा ही उणीव असते. डाळीत लायसिन भरपूर असतं, म्हणून भाकर आणि बिनफोडणीचं वरण ही जोडी आपल्याला लाभते तशी त्यालाही लाभते. आणि त्या दोन्हींपेक्षा सरस आहे उकडलेलं अंडं. कुत्र्याला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं त्यात आहेत. एक अंडं साधारण सत्तर कॅलरीचं आणि ते आज गावोगाव मिळतं. मला विचाराल तर या जिल्ह्यातल्या कुत्र्यांसाठी सगळ्यात चांगला खाऊ कोणता, तर उकडलेल्या अंड्याचे बोराएवढे तुकडे. त्याला कुठलीही कृती लागत नाही. अंडं कच्चं मात्र देऊ नये. कच्च्या पांढऱ्या बलकातलं अविडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं, शिवाय साल्मोनेला जंतूंची धास्ती असते. उकडलं की दोन्ही प्रश्न मिटतात.

खाऊ किती द्यायचा, इथे बहुतेक घरांचा अंदाज चुकतो. पशुवैद्यक सांगतात तो नियम सोपा आहे: दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी खाऊ दहा टक्क्यांच्या आत, बाकी नव्वद टक्के नेहमीचं पूर्ण जेवण. हिशोब करून बघा. आपल्याकडचं मध्यम चणीचं गावठी कुत्रं पंधरा किलोच्या आसपास धरलं, तर त्याला दिवसाला सुमारे साडेआठशे कॅलरी लागतात. म्हणजे खाऊच्या वाट्याला आल्या पंच्याऐंशी. घरच्या जाड ज्वारीच्या भाकरीचा चतकोर साठेक कॅलरींचा असतो. ग्लुकोज बिस्किटातला साधारण पाव हिस्सा साखरच असते आणि एक लहान बिस्किट वीस-पंचवीस कॅलरी देतं. चहाबरोबर घरातल्या चौघांनी प्रेमाने एकेक बिस्किट टाकलं की त्या कुत्र्याचा दिवसाचा खाऊ संपलाही. पाच-सहा किलोच्या पॉमेरेनियनची गत विचारायलाच नको. रात्रभर धुऱ्यावरून पळणाऱ्या कुत्र्याला हिशोब थोडा सैल चालतो. गॅलरीत बसून असणाऱ्याला नाही.

म्हणून खाऊचा तुकडा लहान ठेवायचा. कुत्र्याला तुकडा केवढा यापेक्षा तो किती वेळा मिळाला याचं अप्रूप जास्त. हरभऱ्याएवढे पाच तुकडे एकेक करून दिले तर एका मोठ्या घासापेक्षा तो जास्त खूश होतो. 'बस', 'थांब', 'ये' शिकवताना तर हेच कामी येतं.

कुत्र्याची बिस्किटं हा प्रकार तसा अलीकडचा. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस १८६० च्या सुमारास इंग्लंडला गेला. बंदरावर खलाशांची उरलेली टणक बिस्किटं कुत्री खाताना पाहून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. त्याने गव्हाचं पीठ, भाज्या आणि वाळवलेलं मांस यांची बिस्किटं करून विकली आणि तिथून हा सगळा उद्योग उभा राहिला. त्याआधी शेकडो वर्षं कुत्र्यांचा खाऊ घरातच होत होता. तो आजही होऊ शकतो, आणि आपल्याकडे तर त्यासाठी लागणारा हात आधीच तयार आहे. दिवाळीच्या शंकरपाळ्या ज्या घरात होतात, त्या घरात कुत्र्याची बिस्किटं सहज होतील.

एक वाटी ज्वारीचं पीठ आणि अर्धी वाटी कणीक घ्यायची. अर्धी वाटी लाल भोपळा, आपल्याकडचं कोहळं, साल-बिया काढून वाफवून कुस्करायचं. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे नुसत्या ज्वारीची पोळी लाटली की कडा फाटतात. भाकर थापणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे आणि त्यावरचा उपायही: पीठ कढत पाण्यात मळायचं, म्हणजे स्टार्च फुगून चिकटपणा येतो. इथे पाण्याऐवजी गरम कोहळं वापरायचं. ते पिठात कालवलं, जरा निवू दिलं आणि मग त्यात एक अंडं फोडून घातलं की गोळा छान एकजीव होतो. कोरडा वाटला तर चमचाभर पाणी. मीठ नाही, गूळ नाही, सोडा नाही, मोहन नाही. अर्धा सेंटीमीटर जाड लाटून शंकरपाळ्यांसारखं कापायचं. ओव्हन असेल तर १६० ते १७० अंशांवर अर्धा तास. नसेल तर जाड तवा, मंद आच आणि वर झाकण. एका बाजूने रंग बदलला की उलटायचं, मग झाकण काढून ओल उडून जाईपर्यंत शेकायचं. गॅस बंद केल्यावर तव्यावरच निवू दिलं तर कुरकुरीत होतात. वाटी शंभर ग्रॅमची धरली तर या सगळ्यात मिळून सुमारे सहाशे कॅलरी होतात. साठ तुकडे कापले तर तुकड्याला दहा. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सात-आठ तुकडे, तेही दुसरा खाऊ नसेल तर. घरात अंडं चालत नसेल तर कोहळं थोडं वाढवून, मूठभर शिजवलेली मूगडाळ कुस्करून घालावी.

चव येईल का, ही शंका आपली, कुत्र्याची नाही. माणसाच्या जिभेवर सुमारे नऊ हजार स्वादकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर सतराशेच्या आसपास. त्याची चव मुख्यतः नाकात असते. कोहळ्याचा आणि भाजलेल्या पिठाचा वास त्याला पुरतो. मिठाची त्याची गरज जेवणातून भागते, खाऊत वेगळं घालावं लागत नाही.

दुसरा खाऊ आपल्या उन्हाने करून द्यायचा आहे. चैत्र-वैशाखात घाटाखाली पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि खामगाव-शेगावपासून जळगाव जामोदपर्यंत गच्च्यांवर, अंगणातल्या खाटांवर पापड, कुरडया, सांडग्यांचं वाळवण पडतं. त्या वाळवणात एक कोपरा कुत्र्याच्या रताळ्यांचा असावा. महाशिवरात्रीला रताळी घरात येतातच. ती धुऊन, अख्खी, अर्धवट मऊ होतील इतपत वाफवायची. कच्चीच कापून वाळवली तर दिसायला तशीच दिसतात, पण पचायला जड जातात. वाफवलेली रताळी निवली की सालीसकट अर्धा सेंटीमीटर जाडीच्या लांबट चकत्या करायच्या आणि स्वच्छ सुती कापडावर एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडून वरून जाळीचं कापड टाकायचं. संध्याकाळी आत घ्यायच्या, सकाळी पुन्हा उलटून ठेवायच्या. दोन-तीन कडक उन्हांत त्या चामड्यासारख्या चिवट होतात. पापडासारखं कडकडीत वाळवू नये, चावायला थोडा लगदा उरू द्यावा. अशी एक चकती कुत्रं पुढच्या पायांत धरून बराच वेळ चघळतं. पिल्लांचे दात येत असताना चपलांना पर्याय म्हणून याचा फार उपयोग होतो. रताळं वाळलं की त्यातली साखर आणि स्टार्च दाटून येतात, तेव्हा दिवसाला एखाद-दुसरी चकती पुरे.

वाळवणाची ही युक्ती मांसाला लावू नये. कोंबडीचे तुकडे उन्हात वाळतात खरे, पण उन्हाची ऊब जंतू मारण्याइतकी नसते. ती त्यांना वाढायला मदतच करते. कोंबडीची काळीज-पेठी किंवा छातीचा तुकडा द्यायचा तर आधी पूर्ण उकडायचा, मग बारीक कापून तव्यावर किंवा ओव्हनमध्ये कोरडा करायचा आणि फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवायचा. काळीज कुत्र्यांना सगळ्यात जास्त आवडतं. त्यात जीवनसत्त्व अ इतकं असतं की रोज भरपूर दिल्यास ते शरीरात साचून हाडांना त्रास देतं. आठवड्यातून एक-दोनदा, बोटाच्या पेराएवढं पुष्कळ झालं. बाजारातल्या वाळक्या कोंबडीच्या पट्ट्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत २००७ पासून अशा पट्ट्या, बहुतेक चीनमध्ये बनलेल्या, खाऊन कुत्री आजारी पडल्याच्या हजारो तक्रारी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. त्यांत हजारावर मृत्यूंची नोंद झाली. वर्षानुवर्षं तपास होऊनही नेमकं कारण हाती लागलं नाही. पाकिटावर काय छापलंय यापेक्षा आपण हाताने काय उकडलं याची खात्री जास्त असते, ती अशी.

उन्हाळ्यात कुत्र्याला घाम येऊन थंडावा मिळत नाही. तो धापा टाकून उष्णता बाहेर सोडतो आणि त्यात पाणी खर्च होतं. तेव्हा काकडीच्या चकत्या, बिया काढलेल्या कलिंगडाचे तुकडे, किंवा बिनमिठाचं पातळ ताक द्यावं. मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दुधातली लॅक्टोज साखर पचत नाही आणि जुलाब होतात. दही लागताना तिच्यातली थोडी जिवाणूंनी खाल्लेली असते, आणि पातळ ताकात ती आणखी विरळ होते. फ्रीज असेल तर ताकात काकडी किसून बर्फाच्या साच्यात गोठवावं. पावसाळा सरल्यावर गावात गल्लोगल्ली पिल्लं दिसतात आणि मुलं वाटीतून गाईचं दूध आणून पाजतात. कुत्रीच्या दुधात चरबी आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात, लॅक्टोज कमी. आई असेल तर तिला चांगलं खाऊ घालणं हीच त्या पिल्लांची खरी सेवा.

आता फोडणीकडे येऊ. कांदा आणि लसूण यांत गंधकाची अशी संयुगं असतात की ती कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींमधल्या हिमोग्लोबिनला इजा करतात. पेशी फुटू लागतात आणि रक्तक्षय होतो. किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तात बदल दिसतात असं पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आहे. पंधरा किलोच्या कुत्र्यासाठी हे सव्वादोनशे ते साडेचारशे ग्रॅम झालं. एकदाच चाटलेल्या भाजीने काही होणार नाही, यात घाबरण्यासारखं नाही. धोका आहे तो रोजच्या रोज थोडं थोडं पोटात जाण्याचा. लसूण कांद्यापेक्षा तीव्र आहे, आणि आपल्या भागात ठेचा, वरण, भाजी यांतलं काही लसणाशिवाय होत नाही. शिजवल्याने, तळल्याने, वाळवून पूड केल्याने हा दोष जात नाही. लक्षणंही लगेच दिसत नाहीत. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, कुत्रं सुस्त बसून राहतं, आणि तोवर घरातल्यांना त्या भाजीची आठवणही नसते.

तुपा-तेलाचं वेगळं. संत नामदेवांची ती गोष्ट महाराष्ट्रात लहान मुलालाही माहीत आहे: कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन, कोरडी खाऊ नकोस म्हणत मागे धावले. त्या गोष्टीतली माया आपल्या घराघरांत उतरली आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे. पोळीला बोटभर तूप लागल्याने कुत्र्याचं काही बिघडत नाही. पण तळणीचं उरलेलं, मटणावरचा तवंग, कचोरी-भजी असं एकदम पोटात गेलं तर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. पोट दुखून ती वाकून उभी राहतात, ओकतात, आणि हे दुखणं जिवावरही बेततं. शेगावची कचोरी आपण खावी. ती कुत्र्यापुढे टाकू नये.

सणासुदीला आणखी एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, ती म्हणजे मनुका. द्राक्षं आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं, पण त्यातला विषारी घटक कोणता ते कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. त्यांना हा धागा मिळाला तो बेकिंगमध्ये वापरायची टार्टारची पूड आणि चिंच खाऊन तशीच मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांमुळे. चिंच! आपल्याकडे बांधावर, मंदिराशेजारी, शाळेच्या आवारात चिंचेचं झाड असतं, आणि आमटीत तर ती असतेच. सत्यनारायणाच्या शिऱ्यातला मनुका, दिवाळीच्या लाडवावर लावलेला मनुका, चिवड्यातला मनुका: किती खाल्ल्यावर त्रास होईल याचं ठाम प्रमाण नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, दुसरं थोडक्यात आजारी पडतं. म्हणून प्रसादाचा शिरा कुत्र्याला द्यावासा वाटला तर मनुका घालायच्या आधीचा घास काढून ठेवावा. पोळ्याच्या दिवशी बैलासाठी पुरणपोळी होते, तेव्हा दारातल्या कुत्र्यासाठी डाळ शिजवून पुरण घाटायला घ्यायच्या आधीच, गूळ-जायफळ पडण्यापूर्वी, चमचाभर नुसती डाळ काढता येते.

चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल वापरलेलं च्युइंगगम किंवा शेंगदाण्याचं तयार बटर हे शहरी धोके आता तालुक्याच्या गावीही पोचले आहेत. दोन्ही पूर्ण वर्ज्य. झायलिटॉलने तर तासाभराच्या आत रक्तातली साखर धाडकन उतरते.

पण कपाशीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवायची गोष्ट कुठल्याही शहरी यादीत सापडत नाही, ती म्हणजे ढेप. सरकीत गॉसिपॉल नावाचं रंगद्रव्य असतं. गाई-म्हशींच्या पहिल्या पोटात ते बरंचसं बांधलं जातं, म्हणून मोठ्या जनावराला बेताची ढेप सोसते. कुत्र्याला एकच पोट. गॉसिपॉल त्याच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम करतं, आणि थोडं थोडं रोज पोटात गेलं तर ते साचत जातं. गोठ्यातल्या कुत्र्याला भिजवलेल्या आंबोणाचा वास आवडतो. म्हशीने तोंड काढलं की ते घमेलं चाटायला जातं आणि आपण कौतुकाने बघत राहतो. घमेलं उचलून ठेवावं, एवढंच करायचं आहे.

मक्याचंही तसंच. उकडलेले मक्याचे दाणे चमचाभर चालतात. दाणे खाऊन टाकलेलं कणीस मात्र कुत्रं तुकडे करून गिळतं, ते पचत नाही, आतड्यात अडकतं आणि ऑपरेशनशिवाय निघत नाही. पावसाळ्यात भाजलेल्या भुट्ट्याच्या गाडीभोवती पडलेली कणसं पाहिली की मला त्या भागातल्या कुत्र्यांची काळजी वाटते. आणखी एक: पावसात भिजलेला मका, बुरशी धरलेले शेंगदाणे 'कुत्र्यालाच तर द्यायचेत' म्हणून दळून आणू नयेत. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताचं विष तयार होतं आणि कुत्रा त्याला आपल्यापेक्षा फार लवकर बळी पडतो. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत अशा दूषित मक्यापासून बनवलेल्या तयार खाद्याने काही आठवड्यांत सत्तरहून अधिक कुत्री दगावली. भाजल्याने, शिजवल्याने हे विष नाहीसं होत नाही. पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं गुलाबी-लाल बियाणंही धुऊन दळायचं नसतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

शिजवलेल्या हाडांचा चुरा होत नाही, त्यांच्या टोकदार काड्या होतात. हाडूक द्यायचा मोह इथे आवरावा. सीताफळाचा गर बोटभर चालेल, बिया विषारी. आंब्याची कोय आणि बोराच्या बिया घशात, आतड्यात अडकतात. केळं, पपई, पेरू यांचे लहान तुकडे चांगले. भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे दोन-चार. सोयाबीन आपल्याकडे पोत्यांनी असलं तरी ते कच्चं कधीच नाही. त्यातला ट्रिप्सिन रोधक घटक प्रथिनं पचू देत नाही. भिजवून पूर्ण शिजवलेलं असेल तर थोडं.

आपल्याकडे तीन समजुती घट्ट रुजल्या आहेत. मीठ खाल्ल्याने कुत्र्याला खरूज होते, केस गळतात, ही पहिली. खरूज होते ती त्वचेतल्या सूक्ष्म किड्यांमुळे, केस गळतात ते किडे, बुरशी, पिसवा किंवा प्रथिनांच्या कमतरतेमुळे. खारट लोणचं-पापड देऊ नये हे खरं, पण केस गळणाऱ्या कुत्र्याचं मीठ तोडून दवाखाना टाळणं चुकीचं आहे. गोड खाल्ल्याने जंत होतात, ही दुसरी. जंत आईकडून, मातीतून आणि पिसवांतून येतात. गोडाने वजन वाढतं आणि दात किडतात, जंत होत नाहीत. जंतांचं औषध वेळापत्रकाने द्यावंच लागतं. तिसरी समजूत धोक्याची आहे: कच्चं मांस खाल्लं की कुत्रं पिसाळतं. पिसाळणं हा रेबीजच्या विषाणूचा आजार आहे आणि तो बहुतेक वेळा पिसाळलेल्या प्राण्याच्या चाव्यातून येतो. मांस न देता कुत्र्याला सुरक्षित समजणारे लोक लस टाळतात. दरवर्षीची ती लस कुठल्याही पौष्टिक खाऊपेक्षा आधी.

नवा खाऊ सुरू करताना एका वेळी एकच पदार्थ द्यावा आणि दोन-तीन दिवस पोट कसं राहतं ते बघावं. सगळं एकदम दिलं आणि जुलाब झाले तर दोष कुणाचा ते कळत नाही. शंकरपाळ्या कोरड्या डब्यात आठवडाभर राहतात. पावसाळ्यात घाटावरच्या दमट हवेत तेवढ्याही नाही, तेव्हा फ्रीजमध्ये ठेवाव्यात. रताळ्याच्या चकतीवर पांढरा-हिरवा ठिपका दिसला तर तेवढा भाग खरवडून उरलेली देऊ नये, अख्खा डबा टाकून द्यावा. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्याचा खाऊ त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

आणि चुकून नको ते पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नये. हा उपाय गावोगाव केला जातो. त्याने रक्तातलं सोडियम एकदम वाढून कुत्र्याला झटके येऊ शकतात, म्हणजे आधीच्या विषात आणखी एकाची भर. दूध-तेल पाजण्यानेही फायदा नाही. काय खाल्लं, किती, केव्हा आणि कुत्र्याचं वजन किती, एवढ्या चार गोष्टी सांगून जवळच्या पशुवैद्यकाला तडक फोन करावा, पाकीट किंवा उरलेला तुकडा असेल तर सोबत न्यावा. ओकारी काढायची असेल तर ते ती योग्य औषधाने, पहिल्या एक-दोन तासांत काढतात. मनुका किंवा चिंच खाल्लेलं कुत्रं त्या दिवशी अगदी हसतं-खेळतं दिसू शकतं. मूत्रपिंडांचा त्रास वर यायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून ते बरं दिसतंय एवढ्यावर थांबून न राहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.